ऑल्टर केलेले सूर



मागच्या एकादशीला आमच्या भजनी मंडळात एक नवी सून पहिल्यांदाच पेटीवर बसली. अभंग चालू असताना तिचं बोट पांढरी दोनऐवजी काळी एकवर पडलं. सूर खटकला. पेटी शिकवणारे बुवा सगळ्यांसमोर ओरडले. पोरीने हात काढला तो काढलाच. आता ती टाळ घेऊन मागे बसते.

तिच्यासाठी आज एका परक्या संगीतातली गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांनी घडवलेलं संगीत म्हणजे जॅझ. ते आपल्याला अगदीच अनोळखी नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेचे कलाकार ते वाजवत. गोव्याच्या वादकांनी ते आपलंसं केलं, आणि त्यातले बरेच जण पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले.

जॅझमध्ये पियानो असतो. त्याच्या पट्ट्या आपल्या पेटीसारख्याच, सात पांढऱ्या, पाच काळ्या, मग पुन्हा तेच. फरक एवढाच, की पियानोला भाता नाही. म्हणून डावा हातही मोकळा. डाव्याने तीन-चार सूर एकदम दाबून धरायचे आणि उजव्याने त्यावर सुचेल तसं वाजवायचं.

हे आपण पेटीवर दोघी मिळून करू शकतो. पांढरी एक हा सा धरा. एकीने भाता हलवत प, नी आणि वरचा म एकत्र दाबून धरा. ऐका. सूर जणू उंबऱ्याशी थांबलेत, आत यायची वाट बघताहेत. आता ते सोडून सा, ग, प एकत्र दाबा. आलो घरी! जॅझचं बरंचसं नाट्य या दोन पावलांत आहे.

उंबऱ्याशी असताना दुसरीने साधे पांढरे सूर वाजवले तर गोड लागतं. पण जॅझवाल्यांना तिथे आणखी ओढ हवी असते. त्यासाठी ते जे सूर घेतात, त्याला ऑल्टर्ड स्केल म्हणतात. शब्द आपल्या ओळखीचाच आहे. ब्लाउज ऑल्टर करायला आपण देतोच की! शिवण थोडी आत, थोडी बाहेर.

इथेही तसंच. प, नी आणि म हे तीन सूर जागेवर ठेवायचे, कारण कापड तेच आहे. मधला शुद्ध ध काढायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या घ्यायच्या, म्हणजे कोमल ध आणि कोमल नी. वरचा शुद्ध रे काढायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या घ्यायच्या, म्हणजे कोमल रे आणि कोमल ग. झाले सात सूर: प, कोमल ध, कोमल नी, शुद्ध नी, वरचा कोमल रे, कोमल ग आणि म.

यात काय नाही ते पाहा. सा नाही, शुद्ध गही नाही. घरचे हे दोन सूर राखून ठेवलेत. म्हणूनच घरी पोचल्यावर इतकं बरं वाटतं. आणि जे सूर खटकतात, ते घराला अगदी खेटून आहेत. कोमल रेच्या शेजारी सा, कोमल धच्या शेजारी प, कोमल गच्या शेजारी शुद्ध ग. एक पट्टी सरकलं की पोचलं.

गंमत म्हणजे याच सात पट्ट्या काळी चारला सा मानून वाजवल्या, तर त्या पटदीप रागाच्या सुरांच्या पट्ट्या होतात. पट्ट्या त्याच, पण सा बदलला की भाव बदलतो.

अशा सुरांशी खेळणाऱ्यांत एक बाई मोठ्या मानाच्या होत्या, मेरी लू विल्यम्स. जन्म १९१० चा. लहानपणी आईच्या मांडीवर बसून, कानाने ऐकूनच त्या वाजवायला शिकल्या. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातलं त्यांचं घर म्हणजे तरुण वादकांचा अड्डा होता. थेलोनियस मंक आणि बड पॉवेल यांच्यासारखे पियानोवादक तिथे येत, नव्या चाली एकमेकांना ऐकवत. त्या घरात नवा सूर करून बघायला मोकळीक होती.

आता कुणी म्हणेल, ताई, मग अभंगातही काळी एक चालेल का? नाही हो. ज्या चालीत तो सूर नाही, तिथे तो चूकच. बुवांचा कान खोटा नव्हता. पण सूर खटकला तर तो कुठे न्यायचा, हे त्या पोरीला सांगता आलं असतं. कोमल रे लागला, तर शेजारीच सा आहे. ये सावर आणि पुढे चल.

परवा मी तिला घरी बोलावलं. पेटी उघडली, प, नी, म धरले आणि म्हटलं, “दाब आता तुझी ती काळी एक.” तिने भीत भीत दाबली. मग मी सा, ग, प धरले आणि तिचं बोट आपोआप सावर आलं. हसली.

तुमच्या मंडळातही अशी मागे बसलेली कुणी असेल. तिला पुढे बोलवा.