सिस्टर, तुम्ही झोपता कधी?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्य शिबिराच्या समारोपाला केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला पाच मिनिटं दिली आहेत. बँकेत ३४ वर्षं काढली आहेत, त्यामुळे हिशेब चुकणार नाही.

सकाळी बी.पी. तपासायला गेलो आणि लगेच हात पुढे केला. समोरची मुलगी असेल विशीची. म्हणाली, "काका, तुम्ही जिना चढून आलात. आधी पाच मिनिटं टेकून बसा, दोन्ही पाय जमिनीवर ठेवा आणि बोलू नका." मी गप्प बसलो. शेजारी सौ. होत्या. त्या म्हणाल्या, "हे मला पन्नास वर्षांत जमलं नाही!"

चार वर्षांपूर्वी माझी बायपास झाली, हे आपल्याला माहीत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सिस्टर येऊन म्हणाल्या, "काका, उठायचं. खुर्चीत बसायचं." मला राग आला. छाती फाडली आहे माझी आणि ही बाई उठा म्हणते! पण त्यांनी छातीशी उशी धरून खोकायला शिकवलं, नळीतून फुंकर नव्हे तर श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायला लावले, कॉरिडॉरमध्ये चालवलं. पाणी किती प्यालो, लघवी किती झाली, सगळं वेळेसह लिहून ठेवत. ते आमच्या डे-बुकासारखंच. रात्री जे जमा-खर्च जुळलं नाही, ते सकाळच्या पाळीला सांगूनच त्या घरी जात.

एका पहाटे मी सहज विचारलं, "सिस्टर, तुम्ही झोपता कधी?" त्या हसल्या. म्हणाल्या, "दुपारी पडते काका. पण वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम चालू आहे. दिवसभर ड्रिल."

त्या हसल्या, पण मला काही हसता आलं नाही. कारण त्याच्या काही वर्षं आधी आपल्या सोसायटीत तीन नर्स भाड्याने राहायला येणार होत्या. मी तेव्हा खजिनदार होतो. 'रात्री-अपरात्रीची ये-जा सोसायटीला शोभणार नाही' असं मीच कमिटीत म्हणालो आणि त्यांना नकार कळवला. पत्राचा मसुदा माझ्या हस्ताक्षरात होता. त्या रात्री-अपरात्री कुठून येतात, हा विचार मला शिवलाही नव्हता. आता कळलं. त्या माझ्यासारख्याच कुणाच्या तरी उशाशी जागून येतात.

मंडळी, नर्सने आरोग्याचा आदर्श घालून द्यावा, असं आपण सहज म्हणतो. त्यांनी तो घालूनही दिला आहे. अमेरिकेत १९७६ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात १ लाख २१ हजार ७०० नर्स सहभागी झाल्या. दर दोन वर्षांनी आपलं खाणं-पिणं, वजन, आजार यांबद्दलची प्रश्नावली त्या भरून पाठवत राहिल्या, अनेक दशकं. नर्सच का निवडल्या? त्यांना प्रश्न समजतात आणि त्या नेमकं, खरं लिहितात म्हणून. त्या सगळ्या काही संत नव्हत्या. कितीतरी जणी सिगारेट ओढत होत्या, तेही त्यांनी लिहिलं. म्हणूनच कळलं की ज्या सिगारेट ओढत नाहीत, वजन आटोक्यात ठेवतात, नीट जेवतात आणि रोज अर्धा तास तरी चालतात, त्यांना हृदयविकार खूपच कमी होतो. माझ्या डॉक्टरांनी मला दिलेला कागद वेगळं काय सांगतो?

पण दुसरी बाजूही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणारी रात्रपाळी 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकली. म्हणजे झोप का हवी हे ज्यांना सगळ्यात चांगलं माहीत, त्यांनाच ती मिळत नाही. ज्ञान त्यांच्याकडे आहे. पण दुपारची शांतता मात्र शेजाऱ्याच्या हातात आहे.

गेल्या वर्षी बी विंगमध्ये दोन नर्स राहायला आल्या. या वेळी 'ना हरकत' द्यावी म्हणून सर्वसाधारण सभेत मीच उभा राहिलो. जुनं खातं त्याने पूर्ण मिटलं असं मी म्हणणार नाही, पण पहिला हप्ता भरला.

आता आपल्याला दोन विनंत्या. एक, दुपारी एक ते चार ड्रिल आणि ठोकाठोकी बंद, हा नियम आपल्या फलकावर आहेच, तो पाळू या. आणि त्यांच्या दारावर 'झोपले आहे' अशी पाटी असेल, तर कुरियर, देणगी, हळदीकुंकवाचं आमंत्रण, काहीही असो, बेल वाजवू नका. दोन, आज मिळालेला बी.पी.चा आकडा वहीत तारखेसह लिहा. पुढच्या महिन्यात पुन्हा लिहा. पासबुक जसं भरून घेता, तसंच.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आम्हाला पाच मिनिटं टेकून बसायला सांगितलंत, तसं ड्यूटी संपल्यावर स्वतःलाही सांगत जा. तुम्ही धडधाकट राहिलात, तरच आमचा नंबर लागेल तेव्हा कुणीतरी म्हणेल, "काका, उठायचं."