होडीत मुलं, काठावर कॅमेरा

कर्जतचा म्हणून ओळखला जाणारा एन. डी. स्टुडिओ खालापूर तालुक्यात, चौकजवळ आहे. नितीन देसाई यांनी तो २००५ साली उभारला. मुलांच्या मालिकेसाठी होडीचा प्रसंग चित्रित करायचा, तर या परिसरात भर उन्हाळ्यातही वाहती नदी मिळते. खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी पाताळगंगेत येतं, भिवपुरीचं पेज नदीत. पण वीजनिर्मिती वाढली की नदीही चढते. सकाळी गुडघाभर पाणी पाहून जागा ठरवली, एवढ्यावर विसंबू नका. पाणी सोडण्याच्या वेळा आधी विचारून घ्या.

लाकडी होडी अरुंद असते. मूल उभं राहिलं की भार वर सरकतो आणि ती डुलू लागते. म्हणून मुलांना खाली, मध्यभागी बसवावं. वल्हं जाणत्या नावाड्याच्या हाती, अंगरख्याच्या आत लाइफ जॅकेट आणि होडीपासून काठापर्यंत पाण्याखालून दोर. कॅमेऱ्याला तो दिसत नाही.

चौदा वर्षांखालील बालकलाकारांसाठी २०१७ चे नियम आहेत: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्तीही हवी. नदीवर मात्र हे प्रमाण मला फार अपुरं वाटतं. होडीतल्या प्रत्येक मुलामागे पट्टीचा एक पोहणारा पाण्यात उभा असलाच पाहिजे, आणि त्याचा खर्च निर्मात्याने पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.