सापाच्या नकाशात आपला पाडा कुठं?

(पावसाळ्याआधीच्या मेळाव्यातलं भाषण)



वनहक्काचे दावे भरताना आपण एक गोष्ट शिकलो. जे कागदावर नाही, ते सरकारला दिसत नाही. म्हणून म्हाताऱ्यांना पुढं घालून आपण शिव चाललो आणि गावाचा नकाशा आपणच काढला. आज दुसऱ्या नकाशाबद्दल बोलायचंय. साप कुठं चावतो, माणूस कुठं मरतो, त्या नकाशाबद्दल.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली सर्पदंश दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातला. दुर्लक्षित का? कारण मरतो कोण? आवणी करणारा, गवत कापणारा, भुईवर झोपणारा.

सरकारी आकडा निघतो दवाखान्याच्या रजिस्टरातून. जो डोलीत, वाटेवर, भगताच्या अंगणात गेला, तो त्यात येतच नाही. देशात २००१ ते २००३ मधल्या मृत्यूंची घरोघर चौकशी झाली. त्यावरून वर्षाला सुमारे ४६ हजार माणसं सापानं मरतात, असा हिशेब निघाला. सरकारी आकड्याच्या कितीतरी पट! आणि त्यातली चारातली तीन दवाखान्याबाहेर मेली होती. म्हणजे दवाखाना लांब तिथं मरण जास्त, आणि नकाशावर तीच जागा कोरी. कोऱ्या जागेसाठी लस कोण मागणार?

शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाला मदत आहे. पण ती सातबाऱ्यावरच्या खातेदाराच्या घरासाठी. ज्याचा दावा कचेरीत पडून आहे, त्याच्या बायकापोरांनी काय करायचं? जमिनीचा कागद नाही आणि मरणाचाही नाही!

म्हणून ग्रामसभेनं एक वही करायची. दंश कुठं झाला, किती वाजता, काय काम चाललं होतं, दवाखान्यात पोचायला किती वेळ लागला, लस मिळाली का, पुढं काय झालं. गावाच्या नकाशावर तिथं टिंब द्यायचं. माणूस गेला तर मृत्यूच्या नोंदीत कारण सर्पदंश असं लिहून घ्यायचं. जून ते सप्टेंबर जास्त सांभाळायचं.

आणि जीव आधी, वही मागून. चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर लस एकच, म्हणून साप मारत बसू नका. मण्यार रात्री चावते, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखून पापण्या मिटायला लागल्या, तर लगेच न्या. भगतालाही सोबत घ्या, पण वाट दवाखान्याचीच धरा.

ही टिंबं घेऊन आपण तालुक्याला जाऊ. दाव्याच्या नकाशासारखाच हाही पुढं ठेवू. लस आमच्या उपकेंद्राजवळ द्या म्हणू, आणि सातबारा नसलेल्यालाही मदत द्या म्हणू.

जिंदाबाद!