दोन पोढ्या आणि एक भोजनमंडप



पुण्याहून नारायणगावमार्गे जुन्नरला निघालात, की टोमॅटोचे क्रेट भरलेले टेंपो भेटतात. खोडदच्या बाजूला रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या ताटल्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात. आणि भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक बौद्ध लेणी आहेत.

कोणी खोदवली ही? बहुतेक पैसा साध्या कष्टकऱ्यांचा आणि व्यापाऱ्यांचा. बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, दानाच्या ठेवी होत्या. धान्याच्या व्यापाऱ्यांनी सात खोल्यांचं लेणं दिलं, सोबत पाण्याचं टाकंही. नाणेघाटातून माल चढायचा, त्यावर जकात भरली जायची आणि तो जुन्नरच्या बाजारात उतरायचा. त्या नफ्यातला वाटा डोंगराला मिळायचा.

दात्यांत तीन नावं लक्ष वेधतात: इरिल, चिट आणि चंद. तिघंही स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. ग्रीकांना आणि वायव्येकडून आलेल्यांना तेव्हा यवन म्हणत. इरिलाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी दिली. चिटाने संघाला भोजनमंडप दिला.

त्याच वायव्येला, आजच्या पाकिस्तानात, स्वात खोरं आहे. तिथे मिंगोऱ्याजवळ बुतकराचा प्राचीन स्तूप आहे आणि भोवती पश्तू बोलणाऱ्या मुसलमानांची वस्ती. त्याच खोऱ्यातल्या जहानाबादच्या कातळात कोरलेल्या बुद्धाचा चेहरा 2007 साली सुरुंगाने फोडला गेला. इटालियन पुरातत्त्वज्ञांनी तो पुढे पुन्हा सांधला.

आपल्याकडे बौद्ध स्थळांतला बदल वेगळ्या वाटेने झाला. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या विहारात आज गिरिजात्मज गणपती आहे. एकही खांब नसलेल्या त्या दालनात भिक्खू राहत. आता पायऱ्या चढून दमलेली आजी तिथे गार फरशीवर टेकते आणि नातवाला बाटलीतलं पाणी पाजते. देव बदलला, विसावा तोच राहिला.

एक मात्र खटकतं. लेण्यांच्या भिंतींवर हल्ली खिळ्याने ओरखडलेली नावं दिसतात. नाव कोरायची हौस इरिलालाही होती. पण त्याच्या नावापुढे दोन टाकी पाणी लिहिलेलं आहे. आपल्या नावापुढे काय लिहिणार?