छपरावर पोरगं चढवण्याआधी

(गंगापूर रोड, नाशिक येथे भरलेल्या जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या पत्रिकेवर कापूस आहे, ज्वारी आहे, विजेचं बिल आहे. त्यात हा छपराचा विषय कुठून घुसला, असं पुष्कळांना वाटलं असेल. दुपारी जेवणाच्या सुट्टीत जरा बाहेर जाऊन या. गंगापूर रोडवर उभं राहा आणि मान वर करून बघा. दवाखाने, क्लासेस, हॉटेलं, दुकानांचे मजल्यावर मजले. प्रत्येकाच्या डोक्यावर काय काय आहे ते मोजा. पाण्याच्या टाक्या, एसीची यंत्रं, मोबाइलचे मनोरे, जाहिरातींचे फलक, स्वयंपाकघरांची धुराडी, आणि आता जिथं तिथं सोलरच्या प्लेटा.

हे सगळं वर कोणी चढवलं? बिल्डर चढला नाही, दुकानाचा मालकही चढला नाही. मालेगाव, नांदगाव, येवल्याकडची, पलीकडे चाळीसगावची पोरं चढली. कापसाची शेवटची वेचणी झाली, ज्वारी घरात आली, विहिरीनं तळ दाखवला की कोरडवाहूच्या घरातलं एक पोरगं शहराची वाट धरतं. तिथं रोजंदारी मिळते ती अशा उंचावरच्या कामांवर. म्हणून हा विषय आपला आहे.

दुसरं कारण गावातलंच आहे. सोसायटीचं गोदाम, बाजार समितीचं शेड, जिनिंगचा कारखाना यांच्या पत्र्यांवर सोलर बसवायची बोलणी जागोजाग चालू आहेत. केंद्र सरकारनं २०२४ साली घरांच्या छतांवरच्या सोलरसाठी योजना आणली, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान ठेवलं. चांगलं आहे, घ्या. पण अनुदानाच्या अर्जावर आपण जितकी नजर ठेवतो तितकी ज्या छपरावर हे ओझं बसणार त्याच्यावर ठेवत नाही.

मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस आहे, इंजिनिअर नाही. पण हिशेब मांडायला इंजिनिअर लागत नाही. छपरावर काहीही चढवण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. वजन कुठं उतरणार? वारा आला तर काय होणार? आणि वर गेलेला माणूस धडपणे खाली कसा येणार?

पहिला प्रश्न वजनाचा

आपल्याकडं जुन्या धाब्याच्या घरांवर मृगाआधी पांढरी माती टाकायची रीत होती. गवत उपटायचं, भेगा बुजवायच्या, पाण्याची वाट मोकळी करायची. छपराला दरसाल हात लावावा लागतो हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं. पण त्याच रीतीत एक धोका लपलेला होता. गळायला लागलं की वर नवा थर, पुढच्या साली आणखी एक. जुनी माती कोणी काढत नव्हतं. एक फूट जाडीच्या मातीचं वजन चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा हे ओझं आणि खालच्या दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. हजारो माणसं गेली. जमीन हलली हे खरं, पण मारलं ते घरानं.

सिमेंटच्या स्लॅबचंही तेच. ज्या गच्चीवर माणसांची येजा असते ती चौरस मीटरला १५० किलो भार धरून बांधावी, आणि जिथं फक्त डागडुजीला जायचं ती ७५ किलो धरून, असं भारतीय मानक सांगतं. आता हजार लिटरची टाकी घ्या. भरली की पाणीच हजार किलो, आणि ती बसते जेमतेम चौरस मीटरभर जागेत. म्हणजे धरलेल्या भाराच्या सहा-सात पट. म्हणून टाकी स्लॅबच्या मध्यावर ठेवायची नसते. खाली खांब आणि तुळई कुठं आहेत ते बघून, त्यांच्यावर गर्डर टाकून, गर्डरवर टाकी. वजन खांबात गेलं पाहिजे, खांबातून पायात आणि पायातून जमिनीत. बैलगाडीत पोती भरताना आपण भार जुवावर येणार की मागं हे बघतोच ना? इथंही तेच बघायचं.

हे न बघितल्यानं काय होतं? दक्षिण कोरियाच्या सोल शहरात सांपूंग नावाचं पाच मजली बाजारघर होतं. त्याच्या गच्चीवर एसीची तीन अवजड यंत्रं होती. आवाजाचा त्रास होतो म्हणून शेजाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा १९९३ साली ती दुसऱ्या बाजूला हलवली. क्रेन लावून उचलली नाहीत, गच्चीवरूनच ओढत नेली. स्लॅबला भेगा पडल्या. यंत्रं सुरू झाली की थरथर, आणि थरथरीनं भेगा वाढत गेल्या. २९ जून १९९५ ला सकाळीच वरच्या मजल्यावर मोठ्या भेगा दिसल्या. मालकांनी यंत्रं बंद केली, पण दुकान चालू ठेवलं, कारण गिऱ्हाईक होतं. संध्याकाळी इमारत बसली. ५०२ माणसं मेली. चौकशीत बांधकामातल्या इतर लबाड्याही निघाल्या, खांब बारीक होते, मजला वाढवलेला होता. पण शेवटचं ओझं गच्चीवरचं होतं.

आणि बांगलादेश तर आपल्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक. ढाक्याजवळ राणा प्लाझा ही आठ मजली इमारत. वरचे मजले बेकायदा चढवलेले, त्यांवर कपडे शिवायचे कारखाने आणि अवजड जनरेटर. २३ एप्रिल २०१३ ला भेगा दिसल्या. खालची बँक बंद झाली, दुकानं बंद झाली. शिलाई करणाऱ्या बाया-माणसांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि इमारत कोसळली. अकराशेंवर माणसं गेली. शिकलेल्या नोकरदाराला भेग दिसली की सुट्टी आणि मजुराला भेग दिसली की हजेरी, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा

वजन खाली दाबतं, वारा वर उचलतो. कापसाच्या गाडीवरची ताडपत्री एका कोपऱ्यानं सुटली की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. नाशिकसाठी मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. नागपूरकडं तो ४४ मीटर आहे. ३९ मीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या वर जातो. मोठी सोलर प्लेट अडीच चौरस मीटरची, तिचं स्वतःचं वजन पंचवीस-तीस किलो. म्हणजे वादळात एका प्लेटीवर सव्वादोनशे किलोचा जोर येऊ शकतो. कलतेपणानं आणि उंचीनं तो कमीजास्त होईल, आणि छपराच्या कडांना व कोपऱ्यांना तो सगळ्यात जास्त असतो. अशा वीस प्लेटा विटांचा आधार देऊन ठेवल्या आणि वर दोन पोती वाळू टाकली, तर ती बांधणी झाली का?

पत्र्याच्या शेडवर तर आणखी जपायला हवं. प्लेटांचा सांगाडा नुसत्या पत्र्याला स्क्रूनं अडकवून चालत नाही. तो पत्र्याखालच्या लोखंडी पट्ट्यांना, म्हणजे परलिनला, धरला पाहिजे. परलिन कैचीला घट्ट हवी, कैची खांबाला आणि खांब पायाला. साखळीतली एक कडी गंजली की बाकीच्या कड्या फुकट.

१३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला अवकाळीच्या वादळात पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक पडला. १२० फूट बाय १२० फूट. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. १७ माणसं मेली. त्याच्या आदल्या वर्षी, ९ एप्रिल २०२३ ला, अकोला जिल्ह्यात पारसला देवळाच्या पत्र्याच्या शेडखाली वादळापावसात लोक थांबले होते. शेजारचं मोठं लिंबाचं झाड शेडवर आलं, शेड खाली बसलं, सात माणसं गेली. शेड बांधताना वर काय आहे इतकंच बघून भागत नाही, बाजूला काय उभं आहे तेही बघावं लागतं.

तिसरा प्रश्न माणसाचा

हा प्रश्न कंत्राटदार कधीच विचारत नाही. तो म्हणतो, "पोराला सवय आहे." सवयीनं कोणी उडायला शिकत नाही. वीस फुटांवरून पडलेला माणूस जेमतेम एका सेकंदात जमिनीवर येतो, आणि आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३९ किलोमीटर असतो.

सगळ्यात फसवा तो सिमेंटचा पत्रा. खालून दणकट दिसतो, पण उन्हापावसानं ठिसूळ झालेला असतो. माणसाचं वजन पडलं की तडा नाही, आवाज नाही, थेट भोक. "बोल्टांच्या रेषेवरून चाल" हा सल्ला जुना आहे आणि तो घातक आहे. तोल गेला की पाय पडतो पत्र्यावरच. उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे तर धूळ बसून आजूबाजूच्या पत्र्यांसारखेच दिसतात, आणि त्यांच्यात माणूस पेलण्याची ताकद नसते.

मग रीत कोणती? पत्र्यावर पाय ठेवायचाच नाही. दोन परलिनींवर नीट टेकतील अशा लांब, रुंद फळ्या टाकायच्या. फळ्या निदान दोन, एक पुढं सरकवताना माणूस दुसरीवर. खाली जाळी. अंगभर पट्टा, नुसता कमरेचा नव्हे, आणि त्याची दोरी अशा जागी बांधायची जी पडणाऱ्या माणसाचा झटका सोसेल. पाण्याचा पाइप किंवा पत्र्याचा बोल्ट ती जागा नव्हे. खाली एक माणूस कायम उभा, कारण पट्ट्याला लटकलेल्याला काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं. ओल्या पत्र्यावर आणि वारं सुटलेलं असताना काम बंद. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची शिडी विजेच्या तारेजवळ न्यायची नाही. सोलरवाल्या पोरांनी एक पक्कं ध्यानात ठेवावं, खालचं बटण बंद केलं तरी ऊन असेपर्यंत प्लेटीत वीज असतेच. जुना सिमेंट पत्रा कोरडा कापू नये, त्यात अस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि ते फुफ्फुसात जाऊन बसतात.

गच्चीवर गिऱ्हाईक बसवणाऱ्या हॉटेलांनाही हाच प्रश्न लागू आहे. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली, १४ जण गेले, बरेच धुरानं गुदमरून. वर जायला वाट होती, पण खाली यायला धड वाट नव्हती.

देखभाल म्हणजे मशागत

छप्पर एकदा केलं की झालं असं नसतं. वर्षातून दोनदा बघावं, मृगाआधी आणि दिवाळीनंतर. पन्हाळीतला पालापाचोळा काढा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर पाण्याची वाट तुंबून चार इंच पाणी साचलं, तर ते नऊ टनांच्या वर भरतं. बोल्ट सैल झालेत का, वायसर गळलेत का, सांगाड्याला गंज कुठं चढलाय, टाकीखालच्या तुळईला भेग आहे का, हे लिहून ठेवा. भेगेवर तारीख घाला आणि महिन्यानं परत बघा. वाढली असेल तर वरचं ओझं उतरवून इंजिनिअरला बोलवा. त्यावर चुना फासून काय होणार?

आता पैशाचं. कंत्राट सगळ्यात कमी दराला जातं. दर कमी कशानं होतो? फळी, जाळी, पट्टा आणि चौथा माणूस वगळल्यानं. हा खर्च वाचत नाही, तो पोराच्या घरावर पडतो. आपल्या मालाचा उत्पादन खर्च काढताना घरच्यांची मजुरी धरत नाहीत म्हणून आपण भांडतो. मग आपल्याच गोदामाच्या कामात पोराच्या जिवाचा खर्च शून्य धरून कसं चालेल?

कायद्याचं थोडक्यात. वर्षात ९० दिवस बांधकामावर, त्यात दुरुस्ती-देखभालही आली, काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या माणसाला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडं नोंद करता येते. १९९६ च्या कायद्यांची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितांनी घेतली आहे. पण नोंद नसेल तर अपघातानंतर घरच्यांच्या हाती कागद नाही, हे बदललेलं नाही. शहरात गेलेल्या प्रत्येक पोराची नोंद करून घ्या.

या बैठकीपुढं तीन ठराव मांडतो.

एक. सोसायटी, बाजार समिती किंवा जिनिंगच्या छपरावर काहीही चढवण्याआधी इंजिनिअरचा सहीनिशी दाखला घ्यावा. वजन कुठं उतरतं आणि वाऱ्याला बांधणी कशी आहे, हे त्यात लिहिलेलं असावं.

दोन. अशा प्रत्येक कंत्राटात फळ्या, जाळी आणि पट्टे यांचा खर्च वेगळा दाखवावा, आणि त्या रकमेवर बोली लावू नये.

तीन. प्रत्येक तालुक्यानं मृगाआधी आपल्या हद्दीतली सामाईक छपरं बघून त्यांची यादी पुढच्या बैठकीत ठेवावी. कामावर गेलेल्या पोरांच्या नोंदींची यादीही सोबत असावी.

या ठरावांना पैसा फार लागत नाही. लागतं ते चढवणाऱ्याला तीन प्रश्न विचारायचं धाडस. उत्तर मिळेपर्यंत शिडी लावू नका. मंजूर असेल तर हात वर करा.