घरांची यादी



आजच्या आनंदोत्सवांत यादीसारखा रुक्ष विषय मीं कां निवडला, असें आपणांस वाटेल. परंतु मुंबईच्या गिरणगांवांत यादी हा शब्द रुक्ष राहिलेला नाहीं. दोन जुने कामगार भेटले कीं कुशलप्रश्नाच्या पाठोपाठ "नांव लागलें का?" हाच प्रश्न निघतो.

१८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लक्ष कापडगिरणी कामगार संपावर गेले. पुढें गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांखालील जमिनीस मात्र सोन्याचें मोल आलें. सन १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींतील ५८ व्या नियमानें त्या जमिनीचे ढोबळ मानानें तीन वांटे केले: एक महानगरपालिकेस मोकळ्या मैदानांसाठीं, एक म्हाडास घरांसाठीं आणि एक मालकास. सन २००१ मध्यें नियम बदलला. वांटणी व्हावयाची ती केवळ इमारत नसलेल्या जमिनीची, असें ठरलें. आणि गिरणीची जमीन बहुतेक इमारतींनींच व्यापलेली असते! सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं तो बदल ग्राह्य धरला. यादी लांबली याचें खरें कारण मला येथें दिसतें. अर्जदार फार झाले, असें म्हणणें म्हणजे पंगतींत अन्न कमी शिजवून जेवणाऱ्यांस दोष देणें होय.

घरें निघालीं तीं सोडतीनें. २०१२ सालीं ६,९२५. २०१६ सालीं २,६३४ व पनवेलजवळील कोन येथें आणखी २,४१७. २०२० सालीं ३,८९४. एकूण १५,८७०. अर्जदार दीड लक्षांच्या आसपास. म्हणजे शेंकडा सुमारें दहांची सोय झाली. त्यांतही कोन येथील घरें महासाथीच्या काळांत विलगीकरणासाठीं घेतलीं गेलीं, तीं नादुरुस्त झालीं, आणि विजेते वर्षानुवर्षें किल्लीवांचून राहिले. सोडतींत नांव निघालें, तरी माणूस मात्र होता तेथेंच.

सोडत निःपक्षपाती असते, हें मीं नाकारीत नाहीं. पण तिला वय समजत नाहीं. संपाच्या दिवशीं पस्तिशींत असलेला कामगार पहिल्या सोडतीच्या वेळीं पासष्टीस पोंचला होता, आणि २०२० सालीं हयात असल्यास त्र्याहत्तर वर्षांचा होता. त्याची चिठ्ठी व त्याच्या शेजाऱ्याच्या तरुण वारसाची चिठ्ठी एकाच पेटींत पडली. वृद्ध कामगार व विधवा यांस निदान कांहीं घरें पाळीनें द्यावींत, असें माझें स्पष्ट मत आहे.

सन २०२३ पासून म्हाडानें अर्जदारांची पात्रता सोडतीपूर्वींच तपासण्याची मोहीम हातीं घेतली. हें योग्य झालें. सोडतीनंतर तपासणी चाले तेव्हां बांधलेलीं घरें कुलुपांत पडून राहत. मात्र या तपासणीला एक धोका आहे. यादी दोन रीतींनीं आंखूड होते: किल्ली देऊन, किंवा नांवावर काट मारून. कागद हरवला म्हणून ज्याचें नांव गेलें, त्याचें घर कोठें उभें राहिलें?

म्हणून एक विनंती. ज्यांच्या घरीं गिरणीचें ओळखपत्र, हजेरीचें तिकीट, लाल पास, विमा योजनेचें कार्ड किंवा पगाराची चिठ्ठी असेल, त्यांनीं ती आजच शोधून काढावी. बहुधा ती ट्रंकेच्या तळाशीं, जुन्या वर्तमानपत्राखालीं सांपडेल.