कोलेस्टेरॉलची गोळी आणि प्रोस्टेटचा कर्करोग
(ज्युबिलीनिमित्त केळझर येथें भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



या शुभप्रसंगीं आरोग्यावर दोन शब्द बोलावे अशी मला आज्ञा झाली. मी डॉक्टर नव्हे. औषधांच्या दुकानांत बसून आयुष्य घालविलेला एक साधा मनुष्य आहें. तरीपण विषय शोधण्यास मला दूर जावें लागलें नाहीं. आमच्या घरांत जें घडलें, त्यानेंच तो माझ्या हातीं दिला.

आमचे वडील ७६ वर्षांचे. हृदयविकारामुळें ते पुष्कळ वर्षें रोज रात्रीं कोलेस्टेरॉल कमी करणारी एक गोळी घेत असत. रात्रीं वारंवार लघवीस उठावें लागतें, ही गोष्ट मात्र त्यांनीं दोन वर्षें कोणास कळूं दिली नाहीं. पुढें कंबरेचें दुखणें असह्य झालें, तेव्हां प्रोस्टेटचा कर्करोग हाडांपर्यंत पोंचल्याचें निष्पन्न झालें. त्याच दिवशीं त्यांनीं हृदयाची गोळी बंद केली. "मरण एका वाटेनें यावयाचें ठरलें, मग दुसऱ्या वाटेवर पहारा कशाला?" असें ते म्हणाले. दोन महिन्यांनीं एका आप्तानें सांगितलें कीं, तीच गोळी कर्करोगावरही उतारा आहे. झालें! आतां कर्करोगाचें इंजेक्शन सोडून नुसती गोळीच घ्यावी, असें त्यांच्या मनानें घेतलें. या दोन्ही विचारांत खरें किती आणि खोटें किती, हें पाहणें मला भाग पडलें.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालीं असणारी लहानशी ग्रंथि होय. टेस्टोस्टेरॉन नांवाच्या पुरुषी रसावर तिचें पोषण होतें. तिच्या कर्करोगाचेंही पोषण बहुधा त्याच रसावर होतें, हें चार्ल्स हगिन्स या शस्त्रवैद्यानें १९४१ सालीं दाखवून दिलें, आणि त्याबद्दल त्याला १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. शरीरांतील तो रस तोडला कीं रोग ओसरतो. आजचीं इंजेक्शनें याच तत्त्वावर दिलीं जातात. आतां हा रस शरीर कशापासून घडवितें? कोलेस्टेरॉलपासून! ज्या पदार्थाला आपण केवळ शत्रु समजतों, तो या रसाचा कच्चा माल आहे. बाहेरचा पुरवठा तुटल्यावर कांहीं कर्कपेशी कोलेस्टेरॉलपासून स्वतःच हा रस बनवूं लागतात, असेंही आढळलें आहे.

आतां गोळीकडे वळूं. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञानें १९७१ पासून हजारों बुरशा तपासल्या, आणि तांदळावर आलेल्या एका निळसर बुरशींत त्यास यकृताची कोलेस्टेरॉल बनविण्याची क्रिया रोखणारें द्रव्य सांपडलें. या कुळांतील औषधांस स्टॅटिन म्हणतात. त्यांपैकीं पहिलें औषध १९८७ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलें. त्यांचा हृदयावरील गुण संशयातीत आहे. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ४,४४४ हृदयरोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. सुमारें साडेपांच वर्षांत नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत २५६ जण वारले. खरी गोळी घेणाऱ्यांत १८२. एंडो २०२४ सालीं निवर्तले. त्यांच्या शोधामुळें वांचलेल्यांची गणती कोण करणार?

तेव्हां कच्चा मालच कमी केला तर कर्करोगही मंदावेल, ही आशा स्वाभाविक होती. २०१४ सालीं इंग्लंडमधील ११,७७२ रोग्यांच्या नोंदी तपासण्यांत आल्या. रोग कळल्यानंतर स्टॅटिन घेणाऱ्यांत प्रोस्टेटच्या कर्करोगानें होणारे मृत्यु सुमारें २४ टक्क्यांनीं कमी आढळले. २०१७ सालीं डेन्मार्कमधील ३१,७९० रोग्यांच्या नोंदींत हाच फरक १७ टक्के दिसला. आमच्या आप्ताच्या कानीं गेलें तें हेंच असावें.

परंतु बंधूंनो, येथें क्षणभर थांबावें. लग्नाला पन्नास वर्षें झालेल्या जोडप्यांचा आपण शाल देऊन सत्कार करतों. उद्यां कोणी हिशेब मांडला कीं, शाल मिळालेले सारे सत्तरीपर्यंत जगले, न मिळालेल्यांपैकीं कित्येक आधींच गेले. सबब शालीनें आयुष्य वाढतें, तर आपण त्यास हंसूं. कारण शाल मिळण्यासाठींच आधीं पन्नास वर्षें संसार टिकावा लागतो! गोळीच्या हिशेबांतही हाच घोंटाळा शिरतो. रोगी जगला तरच त्याला पुढें गोळी सुरू होते. जाणत्या संशोधकांनीं हा दोष टाळण्याची काळजी घेतली, हें खरें. तरी दुसरी अडचण राहतेच. नियमानें गोळी घेणारा मनुष्य बहुधा वैद्याकडे वेळेवर जाणारा आणि पथ्य पाळणारा असतो. श्रेय गोळीचें कीं स्वभावाचें, हें नुसत्या नोंदींवरून ठरत नाहीं.

म्हणून चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगाचा पुरावा वजनदार. फिन्लंडमध्यें शस्त्रक्रियेपूर्वीं १६० रोग्यांवर असा प्रयोग झाला; त्याचें फलित २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. कर्कपेशींच्या वाढीच्या वेगांत दोन्ही गटांमध्यें एकंदरींत फरक दिसला नाहीं. अधिक दिवस गोळी घेतलेल्यांत वेग थोडा मंदावलेला दिसला, पण तेवढ्यावर निर्णय देतां येत नाहीं. हृदयासाठीं केलेल्या २७ प्रयोगांतील सुमारें पावणेदोन लक्ष माणसांचा एकत्र हिशेब २०१२ सालीं निघाला. त्यांत स्टॅटिनमुळें सर्व कर्करोगांचे मृत्यु घटलेही नाहींत आणि वाढलेही नाहींत. अर्थात् तीं माणसें कर्करोगी म्हणून निवडलेलीं नव्हतीं, हेंही सांगितलें पाहिजे.

मग निष्कर्ष काय? ही गोळी प्रोस्टेटच्या कर्करोगावरील औषध म्हणून सिद्ध झालेली नाहीं. तिच्या भरंवशावर इंजेक्शन, शस्त्रक्रिया अथवा किरणोपचार सोडणें म्हणजे आत्मघात होय. परंतु कर्करोग झाला म्हणून हृदयाची गोळी सोडणें हीही चूकच. कारण टेस्टोस्टेरॉन तोडणाऱ्या उपचारानें अंगांत मेद वाढतो, मधुमेहाचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. या कर्करोगाचे अनेक रोगी कर्करोगानें न जातां हृदयविकारानें जातात. वडिलांनीं ज्या वाटेवरचा पहारा उठविला, तीच वाट अधिक उघडी पडली होती!

एक सूचना अवश्य लक्षांत ठेवावी. स्टॅटिन घेणाऱ्याच्या रक्तांतील पी.एस.ए. नांवाचा तपासणीचा आंकडा किंचित् उतरतो. म्हणून तपासणीच्या वेळीं आपण ही गोळी घेतों हें डॉक्टरांस सांगावें. स्नायू विनाकारण दुखूं लागले तर तेंही सांगावें. मनानें गोळी सुरू करूं नये आणि मनानें बंदही करूं नये.

शेवटीं जें सांगण्यासाठीं मी उभा राहिलों तें सांगतों. आमच्या वडिलांचें खरें नुकसान गोळीनें केलें नाहीं, लाजेनें केलें. रात्रीं वारंवार उठावें लागणें, धार बारीक होणें, हीं लक्षणें बहुतेक वेळां वयोमानानें ग्रंथि वाढल्याचीं असतात, कर्करोगाचीं नव्हेत; परंतु हा भेद तपासल्यावांचून कळत नाहीं. लघवींत रक्त दिसलें किंवा कंबरेचें हाड सतत दुखूं लागलें, तर एक दिवसही दवडूं नये. सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय आपल्याच जिल्ह्यांत आहे. नागपूरही दूर नाहीं. कापूस वेंचण्याच्या हंगामांत शेत सोडून एक दिवस जाणें जड वाटतें, हें मी जाणतों. तो एक दिवस आम्हीं दोन वर्षें पुढें ढकलला.

भगिनींनो, आपणांसही विनंति आहे. घरचा कर्ता पुरुष हें दुखणें स्वतः सांगणार नाहीं. तो रात्रीं किती वेळां उठतो हें आपणच जाणतां. त्याला विचारा, आणि सोबत घेऊन जा.

वडील आतां इंजेक्शनही घेतात आणि रात्रींची गोळीही घेतात. रोग गेलेला नाहीं, आंवरलेला आहे. हें सारें मी त्यांच्या परवानगीनें सांगितलें. ते येथें पुढच्याच ओळींत बसले आहेत, आणि आपल्यामुळें दुसऱ्या कोणाचीं दोन वर्षें वांचलीं तर बरें, असें त्यांनींच मला घरून निघतांना सांगितलें.